‘जय हिंद’ आणि हैदराबादचे आबिद हसन सफरानी

हैदराबादच्या अर्वाचीन इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपल्या मंडळींच्या बोलण्यात एक ठरीव क्रम येतो. निजामी राजवट, ग्रंथालये आणि शाळा यांच्या आश्रयाने झालेली जागृती, स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, स्वामी रामानंद तीर्थांचे नेतृत्व, रझाकारांचा काळ आणि सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई. मराठवाड्याशी ज्यांची नाळ आहे अशा घराण्यांच्या दृष्टीने हा क्रम स्वाभाविकच होय. परंतु या क्रमात कोठेच न बसणारी काही माणसेही याच शहराने देशाला दिली आणि ती क्रमात बसत नाहीत एवढ्याच कारणाने विस्मृतीत गेली. आबिद हसन सफरानी हे त्यांपैकी एक. सैन्याच्या संचलनात, शाळेच्या पटांगणात, सभेच्या अखेरीस, इतकेच काय पण पोलीस चौकीतल्या दूरध्वनीवरही जे दोन शब्द आपण उच्चारतो, ते ‘जय हिंद’ हे शब्द रूढ होण्याच्या मुळाशी हैदराबादच्या ट्रूप बाजारात वाढलेला हा तरुण होता, हे हैदराबादकरांपैकीही फार थोड्यांस ठाऊक असते.

त्यांचे मूळ नाव झैनुल आबिदीन हसन. जन्म १९११ सालचा, हैदराबादेतच. वडील अमीर हसन निजाम सरकारच्या सेवेत अधिकारी होते. सरकारी नोकरांचे घर म्हणजे राजनिष्ठेचे घर, असा त्या काळचा साधारण संकेत. पण या घराने तो पाळला नाही आणि त्याचे श्रेय प्रामुख्याने आबिद यांच्या मातोश्री फख्रुल हाजिया बेगम यांच्याकडे जाते. ही बाई गांधीजींच्या शिकवणुकीने भारलेली होती. असहकाराच्या दिवसांत परदेशी कापडाची होळी ट्रूप बाजारातील ‘आबिद मंझिल’ या त्यांच्याच राहत्या घरी पेटली. ट्रूप बाजार म्हणजे कोठी आणि जांबागच्या लगतचा भाग. आपल्या विवेकवर्धिनीपासून चार पावलांवरचा. ज्या आवारात शेरवान्या आणि रेशमी अंगरखे वापरणारी माणसे ये-जा करीत, तेथे विलायती कापडाचे ढीग जळाले, हे दृश्य त्या काळच्या हैदराबादला केवढे अपूर्व वाटले असेल याची कल्पना करता येते. थोरले बंधू बद्रुल हसन हे गांधीजींच्या सहवासात राहिलेले आणि त्यांच्या ‘यंग इंडिया’च्या कामात सहभागी झालेले. दारू आणि अफूच्या व्यसनांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. ते १९२२ साली प्रसिद्ध झाले.

अशा घरात वाढलेल्या मुलाने शिक्षण सोडून चळवळीत उडी घेतली यात नवल नाही. आबिद काही काळ साबरमतीच्या आश्रमात राहिले. पण त्यांचा पिंड चरख्यात रमणारा नव्हता. सशस्त्र मार्गाचे आकर्षण त्यांना वाटू लागले, त्यापायी तुरुंगवास घडला आणि १९३१ च्या गांधी–आयर्विन करारानंतर सुटका झाली. येथवरची हकीगत त्या पिढीतील शेकडो तरुणांची हकीगत आहे. तिला वेगळे वळण लागले ते त्यांनी अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी जर्मनीचा रस्ता धरला तेव्हा. वसाहतीच्या मालकांच्या देशात शिकायला जायचे नाही, हा त्यामागे घरचाच संस्कार असावा.

सुभाषचंद्र बोस जानेवारी १९४१ मध्ये कलकत्त्याच्या आपल्या घरातून निसटले आणि काबूल–मॉस्को मार्गे एप्रिलच्या आरंभी बर्लिनला पोहोचले. युद्धाने युरोपात अडकलेल्या हिंदी विद्यार्थ्यांत आबिद हसन होते. त्यांची आणि सुभाषबाबूंची भेट झाली तेव्हा त्यांनी, अभ्यासक्रम पुरा करून मग येतो, असे सांगितले, अशी आठवण प्रसिद्ध आहे. सुभाषबाबूंचे उत्तर असे होते की, माणूस असल्या लहान गोष्टींचा विचार करीत बसला तर मोठी कामे त्याच्या हातून व्हायची नाहीत. आबिद परत गेले ते सामानसुमान आवरण्यासाठीच. पदवी राहिली ती राहिलीच. पुढे ते सुभाषबाबूंचे चिटणीस झाले, दुभाषी झाले आणि दिवसाचे चोवीस तास सोबत असणारे सहकारी झाले.

नोव्हेंबर १९४१ मध्ये बर्लिन येथे आझाद हिंद केंद्राची स्थापना झाली. या केंद्रात काम करणाऱ्या मंडळींत गणपुले हे मराठी गृहस्थ होते. पुढे १९५९ साली त्यांनी जर्मनीतील त्या दिवसांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. केंद्राने जे प्रारंभीचे निर्णय घेतले त्यांची फळे आजही आपल्यापुढे आहेत. सुभाषबाबूंना ‘नेताजी’ हे संबोधन तेथे मिळाले. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत म्हणून तेथे स्वीकारले गेले आणि सप्टेंबर १९४२ मध्ये हॅम्बुर्गच्या एका समारंभात ते वाद्यवृंदावर वाजले. आणि अभिवादनाचा शब्द ठरला, तोही तेथेच.

या शब्दाची कथा थोडी सविस्तर सांगावयास हवी. उत्तर आफ्रिकेच्या रणांगणावर जर्मन आणि इटालियन फौजांच्या हाती लागलेले हिंदी सैनिक ॲनाबुर्गच्या छावणीत ठेवण्यात आले होते. त्यांतून फौज उभी करण्याची कामगिरी आबिद हसन आणि एन. जी. स्वामी या दोघांवर आली. काम कठीण होते. ज्यांनी ब्रिटिश राजाची शपथ घेतलेली, ज्यांच्या घरी त्याच नोकरीच्या वेतनावर चूल पेटे, अशा मुरलेल्या जवानांना हे दोन मुलकी तरुण कोण, हाच प्रश्न पडे. आरंभी त्यांचे स्वागत रोषानेच झाले. शिवाय ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची रचनाच अशी होती की, शीख, डोगरे, राजपूत, पठाण, मराठे यांच्या तुकड्या, कंपन्या, स्वयंपाकघरे सारे वेगळे. शीख जवान ‘सत श्री अकाल’ म्हणे, राजपूत ‘जय रामजी की’ म्हणे, मुसलमान ‘सलाम आलेकुम’ करी. एका पलटणीत सर्वांना मिसळून टाकायचे असे नेताजींनी ठरविले. पण मिसळलेल्या पलटणीत सकाळी एकमेकांस भेटल्यावर म्हणायचे काय?

प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. हैदराबादच्या माणसाला तो क्षुल्लक वाटणार नाही. एकाच गल्लीत नमस्कार, आदाब, राम राम आणि ‘नमस्कारमु’ ऐकत जो वाढला, त्याला हे पक्के ठाऊक असते की अभिवादनाचा शब्द तोंडातून निघताक्षणी बोलणाऱ्याची जात, धर्म, भाषा आणि कित्येकदा सांपत्तिक स्थितीही कळून चुकते. सर्वांना चालेल असा शब्द शोधण्याचे काम नेताजींनी आबिद यांच्यावर सोपविले, असे सांगितले जाते. पहिल्यांदा त्यांनी इंग्रजी ‘हॅलो’ सुचविला, तो अर्थातच नामंजूर झाला. मग छावणीत हिंडताना राजपूत जवानांचे ‘जय रामजी की’ कानी पडले आणि त्या घोषाच्या लयीवर ‘जय हिंदुस्तान की’ असे जुळले. त्याचेच आटोपशीर रूप ‘जय हिंद’. शब्दाच्या जनकत्वाबद्दल इतरही दावे आहेत; शब्द कोणी पहिल्याने उच्चारला याचा निवाडा करणे नेहमीच अवघड. परंतु एका फौजेचे, आणि मग एका राष्ट्राचे, अभिवादन म्हणून तो ज्या ठिकाणी रुजला त्या ठिकाणी आबिद हसन उभे होते, याविषयी वाद नाही. स्वतंत्र भारताचे पहिले टपाल तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले. त्यावर फडकता तिरंगा आहे आणि कोपऱ्यात देवनागरीत ‘जय हिंद’ ही अक्षरे आहेत.

दुसरी कथा त्यांच्या आडनावाची. ध्वजाच्या रंगावरून सहकाऱ्यांत चर्चा चालली होती. हिंदूंचा आग्रह भगव्यासाठी होता, मुसलमानांचा हिरव्यासाठी. चर्चा वादाच्या टोकाला जाऊ लागली तेव्हा हिंदू मंडळींनी आपला आग्रह मागे घेतला. वाद मिटला, इतर कोणीही असता तर जिंकल्याचे समाधान मानून स्वस्थ राहिला असता. आबिद हसन यांच्या मनाला मात्र ती माघार लागून राहिली. समोरच्याने आपणासाठी जे सोडले ते आपण उचलून धरावे, या भावनेने त्यांनी आपल्या नावापुढे केशराचा, म्हणजेच भगव्याचा, रंग जोडून घेतला आणि ते ‘सफरानी’ झाले. केशराला फारसी–उर्दूत ‘जाफरान’ आणि जर्मन भाषेत ‘सफ्रान’ म्हणतात. हैदराबाद आणि बर्लिन ही दोन्ही गावे त्या एका नावात सहज मिसळली आहेत. नाव बदलण्याची ही गोष्ट तात्पुरत्या आवेशाची नव्हती. त्यानंतरची चार दशके, सैन्यात, परराष्ट्र खात्यात आणि निवृत्तीच्या शेतावर, ते सफरानी म्हणूनच जगले.

जर्मनीतून हिंदुस्थानच्या सीमेवर फौज नेणे शक्य नाही, हे युद्धाच्या पुढच्या गतीने स्पष्ट झाले. पूर्वेकडे जपानच्या विजयांनी दुसरी वाट उघडली होती. ९ फेब्रुवारी १९४३ रोजी कील बंदरातून ‘यू–१८०’ ही जर्मन पाणबुडी निघाली, तीत नेताजी होते आणि त्यांनी बरोबर एकच माणूस घेतला होता, तो म्हणजे आबिद हसन. प्रवासाची तयारी करण्यास त्यांना सांगितले होते, कोठे जायचे ते मात्र शेवटपर्यंत सांगण्यात आले नव्हते. नेताजींना आणखी कोणी विश्वासू सहकारी नव्हते असे नाही. तरीही निवड या हैदराबादी तरुणाची झाली, यातच त्यांच्याविषयीचा विश्वास दिसतो.

त्या प्रवासाचे वर्णन सफरानींनी पुढे अनेकदा केले. डिझेलचा वास अन्नात, पांघरुणात, श्वासात भरून राहिलेला. हिंडण्यास जागा नाही, सूर्यदर्शन नाही. नेताजींना खलाशांचे अन्न जाईना, तेव्हा सफरानींनी कोठारात तांदूळ आणि डाळ शोधून काढली आणि तिच्यावर गुजराण सुरू झाली. पण नेताजींनी ती खिचडी जर्मन अधिकाऱ्यांनाही खाऊ घालण्याचा सपाटा लावला, तेव्हा साठा संपेल या काळजीने चिटणिसाची तारांबळ उडाली. उरलेला सर्व वेळ कामाचा. पूर्वेत पोहोचल्यावर द्यावयाची भाषणे, फौजेच्या रचनेचे आराखडे, जपानच्या पंतप्रधानांशी होणाऱ्या संभाषणाची तालीम. वाटेत एप्रिलमध्ये त्याच पाणबुडीने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडविले. अशाच एका धोक्याच्या प्रसंगी, बोट हेलकावत असता, सफरानींच्या हातातली लेखणी थांबली आणि नेताजी शांतपणे म्हणाले की, मी हे दोनदा सांगितले, तुम्ही अजून उतरून घेतलेले नाही. ही आठवण सांगताना सफरानी स्वतःच्या घाबरण्यावर हसत. शूरपणाचा आव त्यांनी कधी आणला नाही.

मादागास्करच्या आग्नेयेस, एप्रिलच्या अखेरीस, ‘आय–२९’ ही जपानी पाणबुडी ठरल्या जागी भेटली. समुद्र खवळलेला होता. दोराच्या आधाराने, एका रबरी तराफ्यावरून, चिंब भिजत नेताजी आणि सफरानी एका पाणबुडीतून दुसरीत गेले. उलट दिशेने दोन जपानी नौदल अधिकारी आणि सोन्याच्या विटा जर्मन पाणबुडीत गेल्या. दोन देशांच्या पाणबुड्यांत भर समुद्रात प्रवाशांची अशी अदलाबदल त्या महायुद्धात दुसरी झाल्याची नोंद नाही. कीलपासून सुमात्राच्या टोकाशी असलेल्या साबांगपर्यंतचा हा प्रवास सुमारे तीन महिन्यांचा. ट्रूप बाजारच्या या मुलाने त्यापूर्वी हुसेनसागरापलीकडे किती पाणी पाहिले होते, कोण जाणे!

आग्नेय आशियातील घटना बहुतेकांस परिचित आहेत. जुलै १९४३ मध्ये रासबिहारी बोसांनी सिंगापूर येथे सूत्रे नेताजींच्या हाती दिली आणि २१ ऑक्टोबरला आझाद हिंदचे हंगामी सरकार जाहीर झाले. फौजेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत कोकणातले जगन्नाथराव भोसले होते, हे मराठी वाचकांस ठाऊकच आहे. नव्या सरकारसाठी ‘जन गण मन’च्या धर्तीवर हिंदुस्थानी भाषेत राष्ट्रगीत तयार करण्यात आले, त्या ‘शुभ सुख चैन’ या गीताच्या रचनेत मुमताझ हुसेन यांच्यासह सफरानींचाही हात होता. संगीत कॅप्टन रामसिंग यांचे.

मग १९४४ चा इम्फाळचा रणसंग्राम. शब्द आणि गीते जुळविणारा हा माणूस येथे प्रत्यक्ष सैनिक झाला. मेजर म्हणून तो आघाडीवर होता. पाऊस अगोदर आला, रसद मागे राहिली, विमानांचे छत्र नव्हतेच. हिवताप आणि हगवण यांनी शत्रूच्या गोळ्यांहून अधिक बळी घेतले. चिंदविन नदीकडे चाललेली ती माघार म्हणजे चिखलातून ओढली जाणारी हाडांची रांग होती. सफरानींनी उत्तरायुष्यात त्या दिवसांवर ‘इम्फाळची माणसे’ अशा अर्थाचे शीर्षक देऊन इंग्रजीत लिहिले. त्या लेखनाची एक विशेषता आहे. सेनापतींच्या डावपेचांचा काथ्याकूट त्यात नाही आणि स्वतःच्या पराक्रमाचा पाढा तर नाहीच. त्यांना आठवतात ती बरोबरची माणसे. बलुची, आसामी, काश्मिरी, मलयाळी, पठाण, शीख, गुजराती आणि मलायातील रबराच्या मळ्यांतून आलेले तमिळ मजूर. इंग्रजांनी ‘लढाऊ जाती’ आणि ‘बिनलढाऊ जाती’ अशी जी वाटणी करून ठेवली होती ती त्या माघारीत पुसली गेली, हे सफरानींना विजयाहून मोठे वाटले. पराभवाची हकीगत लिहिताना अभिमान न सोडणे आणि खोटेही न बोलणे, हे फार थोड्या सैनिकांना साधते.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानने शरणागती पत्करली. १७ ऑगस्टला नेताजी बँकॉकहून सायगावला आले. सोबत सहा जण होते. अय्यर, देबनाथ दास, प्रीतमसिंग, गुलझारासिंग, हबीबुर रहमान आणि सफरानी. पुढे जाणाऱ्या जपानी विमानात जागा एकच, असे कळविण्यात आले. बरीच खळखळ झाल्यावर दुसरी मिळाली. त्या दुसऱ्या जागेवर हबीबुर रहमान गेले. बाकीच्यांनी मागाहून यावे असे ठरले. विमान उडाले आणि दुसऱ्या दिवशी तैहोकूच्या विमानतळावर त्याला अपघात झाला. त्या अपघाताविषयी पुढे जी वादंगे माजली, चौकशीमंडळे बसली, त्यांत येथे शिरण्याचे कारण नाही. पण सायगावच्या धावपट्टीवर उभा राहिलेला एक माणूस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही. अडीच वर्षांपूर्वी सहकाऱ्यांतून ज्या एकट्याला बोलावणे आले होते, तो या वेळी मागे राहिला होता. पहिल्या खेपेस बरोबर जाणे हे भाग्य, तर दुसऱ्या खेपेस मागे राहणे हे काय म्हणायचे? जो गेला असता तर कदाचित उरला नसता, त्याच्या मनात ‘आपण का नव्हतो’ हाच प्रश्न आयुष्यभर घर करून राहतो, असे सैनिकांच्या सहवासात असलेले लोक सांगतात.

सिंगापूरच्या तुरुंगात काही काळ काढून १९४६ मध्ये सफरानी सुटले. घरी परतल्यावर, नोकरी हवी म्हणून, ‘बंगाल लॅम्प’ या कंपनीत कराचीला रुजू झाले. आणि तेथेच असता देशाची फाळणी झाली. कराचीत राहणे अगदी सोपे होते. नोकरी तेथे होती, आणि नाव-धर्म विचारणाऱ्या त्या दिवसांत त्यांच्यासारख्याला तेथेच सुरक्षितता होती असे जग म्हणाले असते. ते हैदराबादला परत आले. त्या वेळचे हैदराबाद म्हणजे कसे, हे येथील जुन्या माणसांना सांगावयास नको. रझाकारांचा उन्माद शिगेला चाललेला. अशा वेळी ‘सफरानी’ हे नाव लावणारा मुसलमान या शहरात परततो, या घटनेचे वजन ज्याचे त्याने ताडून पाहावे.

स्वतंत्र भारताच्या सैन्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांना परत घेतले गेले नाही. शिस्तीच्या दृष्टीने त्यामागे काही विचार असेलही. मात्र ज्यांनी सर्वस्व पणास लावले त्यांच्या पदरी ही उपेक्षा पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांतल्या काहींना परराष्ट्र सेवेने सामावून घेतले, सफरानी त्यांपैकी एक. इजिप्त, चीन, स्वित्झर्लंड, इराक, सीरिया, सेनेगल आणि शेवटी डेन्मार्क अशा देशांत त्यांनी भारताच्या वकिलातींची कामे पाहिली. १९६९ मध्ये ते निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर त्यांनी ना दिल्ली गाठली ना पुस्तकांचे गठ्ठे छापले. ते हैदराबादला आले आणि गोवळकोंड्याच्या पलीकडे, दर्गा हुसेनशाह वली या वस्तीलगत शेती करू लागले. आज त्या भागात काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. त्या काळी तेथे खडक, सीताफळांची झुडपे आणि कुठेकुठे विहिरीवरची भाताची खाचरे एवढाच पसारा होता. कलकत्त्याच्या नेताजी संशोधन संस्थेशी त्यांचा स्नेह होता; बोलावणे आले की जात, आठवणी सांगत. बाकी गावात त्यांचा गाजावाजा नव्हता.

या उत्तरकाळाचे सर्वांत सुंदर पान मात्र घरगुती आहे. बंधू बद्रुल हसन यांची कन्या सुरय्या, जन्म १९२८. गांधीवादी घरात खादी हाच पोशाख. बालपणापासून तिचा जीव कापडात. हैदराबादच्या सरकारी कुटीरोद्योग भांडारात तिने काम केले, मग पुपुल जयकरांच्या बोलावण्यावरून दिल्लीला हातमाग निर्यातीच्या संस्थेत गेली. तिचा विवाह नेताजींचे पुतणे अरविंद बोस यांच्याशी झाला. ज्या घराण्याच्या एका पुरुषामागे चुलता पाणबुडीत शिरला, त्याच घराण्यात पुतणी सून म्हणून गेली. सत्तरच्या दशकात या चाचांनी पुतणीला निरोप धाडला की, हैदराबादला परत ये, आणि जे करायचे ते आपले आपण कर. नुसता उपदेश करून ते थांबले नाहीत. आपल्या जमिनीचा तुकडा त्यांनी तिला दिला.

त्या जमिनीवर पुढे जे माग उभे राहिले त्यांचा संबंध थेट आपल्या मराठवाड्याशी आहे. हिमरू हे औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, नावाजलेले कापड. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने वेलबुट्टी काढलेले, दिसण्यात किनखापाला जवळचे, किमतीत त्याहून परवडणारे. निजामी दरबार ओसरला, शेरवान्या शिवणारे कमी झाले, आणि यंत्रमागाच्या नकलांपुढे हिमरूचे जाणकार विणकर एकेक करून हात झाडून बसले. नक्षीचा सारा हिशेब मागावर बांधलेल्या दोऱ्यांच्या जाळ्यात असतो. ते बांधणारा गेला की नक्षीही गेली. सुरय्याबाईंनी जुने नमुने मिळविले, जाळे बांधणारे हात शोधून काढले आणि नव्या हातांना, विशेषतः विधवा आणि निराधार स्त्रियांना, ही विद्या शिकविली. हिमरूबरोबर मशरूही विणले जाऊ लागले. मशरू म्हणजे बाहेरून रेशीम आणि अंगाला सूत लागेल असे विणलेले कापड. निव्वळ रेशीम पुरुषांनी अंगाला लावू नये, या धर्मविचारातून निघालेली ही युक्ती. पैठणीचे मागही तेथे चालले. विलायती कापडाची होळी झालेल्या घरातील लेकीने देशी कापड जिवंत ठेवण्यात आयुष्य घातले, यात घराण्याची एक संगती दिसते, ती कोणी मुद्दाम आखली नसली तरी.

सफरानी १९८४ मध्ये वारले. पुतणीने त्यांचे स्मारक करायचे ठरविले तेव्हा पुतळा किंवा चौथरा उभारला नाही. मागांच्या शेजारीच विणकरांच्या आणि वस्तीतल्या मुलांसाठी शाळा काढली. मागावर आईचा हात चालावा आणि भिंतीपलीकडे मुलाचा पाढा, अशी ती योजना होती. स्वतः सुरय्याबाई नव्वदी उलटून २०२१ मध्ये गेल्या, तोवर त्या मागांच्या आणि शाळेच्या कामात होत्या. शाळेला नाव देताना त्यांनी घराण्याचे ‘हसन’ हे नाव घेतले नाही, की चाचांचे जन्मनावही घेतले नाही. बर्लिनच्या त्या ध्वजाच्या वादानंतर त्यांनी स्वतः निवडलेले नाव तेवढे घेतले : सफरानी मेमोरियल हायस्कूल.